किटचा डबा की गंजगोलाईची पिशवी?

लातुरात महिनाभर दोन्ही करून पाहिलं: स्वयंपाकाच्या सामानाचं तयार किट आणि गंजगोलाईच्या बाजारातली खरेदी. किटमध्ये दोघांपुरतं सगळं मोजून येतं, सोबत कृतीचं कार्ड. थकून घरी आल्यावर याचा फार आधार वाटतो, नवा पदार्थ करायची भीतीही जाते. पण अचानक पाहुणे आले की मोजलेलं पुरत नाही, आणि प्लास्टिकच्या पुड्यांचा ढीग साचतो.

16 रस्ते जिथे मिळतात त्या गंजगोलाईत मेथीची जुडी हातात घेऊन निवडता येते, भाव करता येतो. वेळ जातो, हे खरं. मात्र घरात येसर असला की आमटीला फोडणी, पाणी आणि उकळी एवढंच लागतं. भाजलेली धान्यं, डाळी, मसाले एकत्र दळून आज्यांनी भरून ठेवलेला हा डबा मला किटपेक्षा सरस वाटतो. माणसं वाढली तर पाणी वाढवायचं, ज्वारीच्या दोन भाकरी जास्त थापायच्या.