थ्री-नोट-पर-स्ट्रिंग आणि इकॉनॉमी पिकिंग, जॅझसाठी: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

ज्या ऑनलाइन कोर्सवरून मी हे सगळं शिकलो त्याचे पुढच्या वर्षाचे पैसे परवा कार्डावरून आपोआप कापले गेले, तेही डॉलरमध्ये, आणि मेल केला तर "रिफंड पॉलिसीत बसत नाही" एवढंच उत्तर आलं. पैसे गेलेच आहेत तर निदान ही पद्धत वर्षभर वापरून काय हाती लागलं ते तरी नीट लिहितो, कारण गिटारवर जॅझ सुरू करणारा प्रत्येक जण आज ना उद्या या सात पॅटर्नपाशी येतोच.

पॅटर्न काय असतात ते इथे वाचणाऱ्यांना माहितीच आहे. मेजर स्केलच्या प्रत्येक सुरापासून एक असे सात, एका तारेवर तीन सूर, सहा तारांवर अठरा, हे थ्री-नोट-पर-स्ट्रिंग. पिक (तारा छेडायची छोटी चकती) चढताना खाली-वर-खाली आणि तिसऱ्या सुराचा खालचा स्ट्रोक तसाच पुढच्या तारेवर उतरवायचा, उतरताना याच्या उलट, हे इकॉनॉमी पिकिंग.

चांगलं आधी सांगतो. सी मेजर सहाव्या (सगळ्यात जाड) तारेच्या ८व्या फ्रेटवरून (पडद्यावरून) सुरू केला की पहिल्या तारेच्या १३व्या फ्रेटपर्यंत दोन सप्तकं आणि वर मध्यमापर्यंत सलग जाता येतं, आणि वेग खरंच पटकन येतो. नुसत्या अल्टरनेट पिकिंगने (तार कुठलीही असो, आळीपाळीने खाली-वर) ज्या वेगाला माझं मनगट आखडायचं तिथे यात हात मोकळा राहिला. ताण मात्र डाव्या हाताला येतो. जाड दोन तारांवर ८-१०-१२ असं पसरावं लागतं, त्यामुळे पहिले काही आठवडे करंगळीच्या बुडाशी दुखायचं. अंगठा गळ्याच्या मागे मधोमध ठेवला आणि रोज थोडंच वाजवलं तेव्हा ते गेलं.

आता मुख्य तक्रार. हे स्विंग होत नाही, जॅझची ती झुलती लय येत नाही. सरळ एट्थ नोट्स (एका बीटला दोन सूर) असलेल्या फ्यूजनला, म्हणजे जॅझ-रॉकला, छान आहे, पण बॅकिंग ट्रॅकवर मेट्रोनोम फक्त २ऱ्या आणि ४थ्या बीटवर ठेवून वाजवा, लगेच ऐकू येतं. तार बदलताना पिक एकाच दिशेने दोन तारांवरून जातो तेव्हा दुसरा सूर कणभर लवकर पडतो आणि हलका पडतो. शिवाय तीन-तीनच्या गटामुळे तार कधी बीटवर बदलते तर कधी ऑफबीटवर (दोन बीटच्या मधे), म्हणजे जोर कुठे पडणार ते आपण ठरवत नाही, पॅटर्न ठरवतो. जॅझमध्ये तोच जोर तर सगळं काही आहे! मी हे कोर्सवाल्यांना ऑडिओ जोडून विचारलं, उत्तर आलं की मेट्रोनोम लावून हळू सराव करा. हळू केला की प्रश्न दिसतच नाही हो, तो मिनिटाला १६० बीटच्या पुढे दिसतो.

आणि सगळ्यात जास्त छळलं ते दुसऱ्या तारेने. गिटारच्या सगळ्या तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर, फक्त तिसरी ते दुसरी शुद्ध गंधाराच्या अंतरावर. त्यामुळे सात पॅटर्नपैकी प्रत्येक पॅटर्न दुसऱ्या तारेवर आला की एक फ्रेट वर सरकतो. बरं, हे टाळायला सातव्या पोझिशनमध्ये (पहिलं बोट ७व्या फ्रेटवर) हात न हलवता सी मेजर वाजवला तर बाकी सगळ्या तारांवर तीन-तीन सूर येतात आणि दुसऱ्या तारेवर फक्त दोन, जी आणि ए. म्हणजे तिथे खाली-वर झालं, हात वर गेला, आणि पहिल्या तारेसाठी परत खाली यायचंय. इकॉनॉमीची साखळी तिथेच तुटते. मी अख्खा पावसाळा या एका तारेवर घालवलाय. घरातले कंटाळले, पण पैसे देऊन शिकलेली पद्धत एका तारेवर अडकते हे मला सहनच होत नव्हतं.

अपडेट: वरचं लिहून ठेवलं होतं, दरम्यान दोन गोष्टी घडल्या त्यामुळे मत बरंच बदललंय. वरचं खोडत नाही, कारण तक्रार अजून तीच आहे, उपाय सापडलाय.

ओळखीचे एक वयस्कर अंकल आहेत, मूळ मडगावचे, मुंबईत हॉटेलच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. त्यांच्यापुढे वाजवलं तर म्हणाले, "अरे, सगळेच सूर कशाला ठोकतोस? आम्ही प्रत्येक सुराला जीभ लावत नाही. जीभ ऑफबीटला, आणि त्याच फुंकरीत बीटवर उतरायचं." कोर्सच्या एवढ्या व्हिडिओंमध्ये हे एकदाही कोणी सांगितलं नव्हतं.

मग ते गिटारवर आणलं. जी सेव्हनवरचा उतरता बीबॉप स्केल घ्या, म्हणजे मिक्सोलिडियनमध्ये (कोमल निषादाच्या मेजर स्केलमध्ये) शुद्ध निषाद जास्तीचा, आठ सूर, त्यामुळे जीवरून बीटवर सुरुवात केली की जी, एफ, डी, बी हे कॉर्डचेच सूर चारही बीटवर येतात. सातव्या पोझिशनमध्ये दुसऱ्या तारेवर जी आणि एफ शार्प (८, ७), तिसरीवर एफ, ई, डी (१०, ९, ७), चौथीवर सी, बी, ए (१०, ९, ७), मग पाचवीवर १०ला जी. इकॉनॉमीने वाजवलं तर एफ शार्पचा अपस्ट्रोक पुढे घसरून एफवर जातो, म्हणजे दुसरा बीटच लवकर आणि पुचाट पडतो. त्याऐवजी असं करा: जी खाली, एफ शार्प वर, एफ खाली, ई वर, डी पुल-ऑफ (पिक न लावता, डाव्या हाताचं बोट तारेवरून खेचून काढलेला सूर), सी वर, बी पुल-ऑफ, ए वर, जी खाली. पुल-ऑफच्या वेळी उजवा हात हवेतल्या हवेत खाली येऊ द्यायचा, थांबवायचा नाही. डी पिकने वाजवायचाच नसल्यामुळे चौथ्या तारेवर जायला हाताला आख्खी एक एट्थ मिळते. मी हे सतारीच्या बोलांसारखं तोंडाने म्हणत बसवलं, पिकच्या प्रत्येक स्ट्रोकला दा किंवा रा, पुल-ऑफला गप्प. २००च्या टेम्पोला सेकंदाला साडेसहाच्या वर सूर होतात आणि तिथेही आता हे हलत नाही. आणि ज्या दोन सुरांच्या दुसऱ्या तारेवर मी चिडलो होतो तीच इथे सोयीची ठरली, कारण दोन सूर म्हणजे खाली-वर, पुढची तार आपोआप बीटवर आणि डाउनस्ट्रोकवर सुरू होते. उडी मारावी लागते, पण ती ठोस वाजते.

दुसरी गोष्ट म्हणजे जॅझ गिटारवादकांची जुनी रेकॉर्डिंग्ज पिककडे लक्ष देऊन ऐकायला लागलो. चार्ली ख्रिश्चन बहुतेक सगळं डाउनस्ट्रोकने वाजवायचे. वेस माँटगोमेरी (१९२३–१९६८) तर पिक न घेता अंगठ्याने. जँगो राइनहार्ट यांचा डावा हात १९२८च्या आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी जवळपास निकामी झाली, सोलो मुख्यतः दोन बोटांवर, आणि त्यांच्या शैलीच्या जिप्सी पिकिंगमध्ये नवीन तारेवर गेलं की उतरतानाही डाउनस्ट्रोकच. जिम हॉल यांच्याकडे डावा हातच निम्मे सूर काढतो असं वाटतं. उलट पॅट मार्टिनो जवळपास प्रत्येक सूर पिकने वाजवायचे आणि तेही जबरदस्त स्विंग व्हायचं. या सगळ्यांत तार बदलण्याचा प्रत्येकाने आपला एक पक्का निर्णय घेतलाय आणि तो कानाने घेतलाय. आपल्याला कोर्समधून तो निर्णय तयार मिळतो, आणि तिथेच घोळ आहे.

सध्या माझं असं आहे. सात पॅटर्न फेकलेले नाहीत, खालून वर एका दमात लांब धाव घ्यायची असेल तर तेच, आणि चढताना इकॉनॉमीही चालते. ओळ वाजवायची असेल तर पोझिशन, अल्टरनेट आणि ऑफबीटवरून बीटवर स्लर, म्हणजे पिक न लावता जोडलेला सूर. पलटे मात्र, सारेग-रेगम-गमप वगैरे, मी मुद्दाम एकाच पॅटर्नमध्ये दोन्ही पिकिंगने करतो, त्यात कुठे घाई होते ते लगेच कळतं.

कोर्स घ्यावा का? फक्त आकृत्यांसाठी अजिबात घेऊ नका, तारांचं ट्यूनिंग आणि स्केलचे सूर माहीत असतील तर सातही पॅटर्न एका रविवारी वहीत स्वतः काढता येतात, आणि स्वतः काढलेले जास्त लक्षात राहतात. घेतलाच तर पहिल्या दिवशी ऑटो-रिन्यूअल बंद करा.

पिकबद्दल: डनलॉपचा लाल नायलॉनचा जॅझ थ्री, १.३८ मिमी. छोटा आहे, टोकदार आहे, तार बदलताना मध्ये येत नाही. पण पिक तिरका धरला की राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या, खरबरीत) तारा त्याची एक कड घासून काढतात, कड बोथट झाली की चौथ्या तारेवर खरखर येते, आणि टोक एकच असल्यामुळे फिरवून वापरता येत नाही. फ्लॅटवाउंडवर (चपट्या वेढ्याच्या, गुळगुळीत तारांवर) ही खरखर येत नाही पण तो सेट महाग, म्हणून जुना सेट पुसून पुसून चालवतोय. टॉर्टेक्सचा (डनलॉपच्याच दुसऱ्या प्लॅस्टिकचा) जॅझ थ्री कोणी बरेच महिने वापरला असेल तर कड किती टिकते ते नक्की सांगा, पुढचं पाकीट त्यावर ठरवणार आहे.