ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर, आणि एक्सलेटरच्या झटक्याचा शोध

ओबीडी स्कॅनर म्हणजे गाडीच्या इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारा छोटा डबा. तो घेण्याचं कारण एकच. आमची पेट्रोल बीएस-६ हॅचबॅक दुसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात झटके मारायला लागली होती. एक्सलेटर हलकासा दाबला की आधी काहीच नाही, मग एकदम उचल. मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉलीमागे अडकलं की मागे बसलेल्यांच्या माना डोलायच्या. हायवेला ऐंशीच्या पुढे मात्र गाडी लोण्यासारखी. चेक इंजिनचा दिवा कधीच लागला नाही, त्यामुळे प्रत्येक गॅरेजात वेगळं निदान. एकाने थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, दुसऱ्याने प्लग बदलले, तिसरा म्हणाला, "साहेब, ई-ट्वेंटी पेट्रोलमुळंय, आता असंच राहणार."

स्कॅनर हजाराच्या आतला, स्टेअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसणारा. अँड्रॉइडला लगेच जोडला गेला. घरातल्या आयफोनला साध्या ब्लूटूथचा डबा सापडतच नाही. त्याला वायफायचा किंवा ब्लूटूथ-एलईचा लागतो. खोक्यावर हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

बिघाडाचे कोड वाचले तर शून्य. बरेच जण इथेच डबा ड्रॉवरमध्ये टाकतात. पण खरं काम लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरच्या त्या-त्या क्षणाच्या आकड्यांत आहे.

आधी ई-२० चा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, निकाल लावला. शुद्ध पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणजे इथेनॉल वाढलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) इंधन जास्त सोडावं लागतं आणि ते लाँग टर्म फ्युएल ट्रिममध्ये, म्हणजे इंधनात किती टक्के दुरुस्ती चालू आहे त्या आकड्यात, अधिक चिन्हाने दिसतं. माझा ट्रिम दहा टक्क्यांच्या बराच आत आणि स्थिर होता. ईसीयू पेट्रोलचा हिशोब नीट सांभाळत होती. मायलेज थोडं कमी झालं असेल, ते वेगळं. झटक्याचं खापर पेट्रोलवर फोडता येईना.

दुसरा संशय व्हॅक्युम लीकचा, म्हणजे फटीतून इंजिनात शिरणाऱ्या जादा हवेचा. त्या बाबतीत एक सावधगिरी. "आयडलला (एक्सलेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम जास्त आणि अडीच हजार आरपीएमला कमी, म्हणजे हवा गळतेय" हा नियम आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरवाल्या गाड्यांचा. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. तिथे थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला शिरलेली हवा दाबात मोजली जाते, म्हणून ट्रिम शांत राहतो आणि आयडल वर चढतं. आयडल सांभाळायला ईसीयू थ्रॉटल नेहमीपेक्षा जास्त मिटते. उलट थ्रॉटलच्या कडेला कार्बन साचला असेल तर ती नेहमीपेक्षा जास्त उघडते. माझ्या गाडीत साफसफाईनंतर आयडल काही दिवस चढं होतं, कारण साफ केल्यावर आयडल री-लर्न (ईसीयूला आयडलचा हिशोब नव्याने शिकवणं) कुणी केलंच नव्हतं. ईसीयू जुन्या कचऱ्याच्या हिशोबाने झडप उघडत होती. मॅन्युअलमधल्या पद्धतीने री-लर्न केल्यावर आयडल खाली आलं. झटका राहिलाच.

मग पेडल. या गाड्यांत एक्सलेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ॲपमध्ये डी आणि ई नावाने दिसतात. माझ्याकडे पाय काढलेला असताना डी १५ टक्के, ई साडेसात. दाबत गेलं की दोघांनी त्याच प्रमाणात चढायला हवं. बऱ्याच ईसीयू दोघांच्या या प्रमाणात फरक पडला की सुरक्षेसाठी पेडल कमी दाबलंय असं सांगणारा आकडा खरा धरतात. फरक टिकला तर कोड पडतो, क्षणभराचा असेल तर नुसता झटका.

इथेच स्वस्त डब्याची मर्यादा कळते. आठ-दहा आकडे एकदम लावले तर प्रत्येक आकडा सेकंदाला एकदा येतो की नाही अशी गत, त्यात क्षणाचा खड्डा दिसणार कसा? बाकी सगळं बंद करून फक्त डी आणि ई ठेवले, ग्राफ लावला. चावी ऑन, इंजिन बंद. पेडल अगदी सावकाश दाबत नेलं तर दोन्ही रेषा स्वच्छ. मग पेडल एका जागी धरून मुलाला वर जाणारी वायर हलवायला सांगितली, आणि ई ची रेषा धपकन खाली.

पेडल ठीक, खराबी कनेक्टरमध्ये. काढून पाहिलं तर एका पिनेवर हिरवट थर. आमच्याकडे सर्व्हिसिंग सेंटरवाले काळ्या मातीची धूळ काढायला गाडीत आतूनही पाण्याचा पाइप मारतात; माझा संशय त्यावरच. बॅटरी सोडून कनेक्टर काढला, काँटॅक्ट क्लीनर मारला, सैल झालेली पिन वायरमनकडून बदलून घेतली. खर्च किरकोळ. एक गॅरेज पूर्ण पेडल असेंब्ली बदलायला निघालं होतं. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, घाटात गाडी एकसारखी उचलते.

डब्याबद्दल तक्रारी आहेतच. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो तापून ब्लूटूथ सोडतो, काढून पुन्हा लावावा लागतो. चावी काढली तरी थोडी बॅटरी खात राहतो, म्हणून गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर काढून ठेवतो. आणि एबीएस किंवा एअरबॅगचे दिवे तपासायला घेत असाल तर हा घेऊ नका. माझ्या गाडीत याला फक्त इंजिनचा डेटा दिसतो.