क्लिनिकल केमिस्ट्रीचं पुस्तक घ्यायचंय? आधी क्रिएटिनिनचं पान उघडा

सध्या ॲडमिशनचा सीझन चालू हाय आन् रोज एखादा पोरगा नाहीतर पोरगी लॅबमधे येऊन विचारायलेत, सर क्लिनिकल केमिस्ट्रीसाठी, म्हणजे रक्त-लघवीतली रसायनं मोजायच्या विषयासाठी, कोणतं पुस्तक घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅब चालवतो, अर्धं काम हातानं करायच्या सेमी-ऑटो मशीनवर सुरुवात केली, आता फुल्ली ऑटो हाय. जी पुस्तकं माझ्या टेबलावर खरंच उघडली जातात त्यांच्याबद्दलच बोलतो.

परीक्षेपुरतं पातळ गाईड सगळ्यांकडं असतं, ते राहू द्या, व्हायवाला उपयोगी पडतंय. पण त्याच्यात "तत्त्व, कृती, नॉर्मल रेंज" एवढंच असतं आन् लॅबमधे बसल्यावर खरा प्रश्न येतो तो म्हणजे हा रिझल्ट चुकीचा का आला. त्याचं उत्तर जे देईल ते पुस्तक घ्यायचं, माझी सगळी निवड ह्या एका गोष्टीवर हाय.

म्हणून दुकानात गेलात, संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात जा नाहीतर लातूरला, की आधी क्रिएटिनिनचं, म्हणजे किडनीच्या तपासणीचं, पान उघडा. क्रिएटिनिन मोजायची जॅफेची पिक्रिक ॲसिडवाली रिॲक्शन 1886 ची हाय आन् अजून आपल्या बहुतेक लॅबमधे तीच चालते. पुस्तकात नुसतं "नारंगी रंग येतो" एवढंच लिहिलं असेल तर ठेवून द्या. कीटोन (शुगर लै वाढल्यावर तयार होतात ते) असले की क्रिएटिनिन खोटं वाढतं, बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) जास्त असलं की खोटं कमी येतं, हे तिथं पाहिजेच. शुगर 500 आन् लघवीत कीटोन असलेल्या पेशंटचं क्रिएटिनिन 2.5 आलं तर किडनी गेली म्हणायचं का थांबून विचार करायचा, हे त्या दोन ओळींवर ठरतं हो. त्याच धड्यात ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून काढलेला किडनीच्या कामाचा अंदाज, बघा, त्याचा सीकेडी-ईपीआय नावाचा 2021 चा फॉर्म्युला असेल तर आवृत्ती ताजी हाय.

दुसरं पान पोटॅशियमचं. आमच्याकडं खेड्यातल्या कलेक्शनवाल्यानं रात्री ब्लड काढलं, सेंट्रिफ्यूज नव्हतं म्हणून तसंच फ्रीजमधे ठेवलं आन् सकाळच्या एसटीनं पाठवलं. सिरम एकदम स्वच्छ, हिमोलिसिसचा (लाल पेशी फुटून सिरम लाल होण्याचा) पत्ता नाही, आन् पोटॅशियम 7.2, म्हणजे जिवाला धोका असल्यासारखं! पेशंट तर चालत आलेला. गार ठेवलं की पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आन् लाल न होताच पोटॅशियम बाहेर येतं. हे मला बिशपच्या पुस्तकानं नीट समजलं. आता कलेक्शनच्या पोरांना सांगून ठेवलंय की सिरम वेगळं केल्याशिवाय फ्रीजला हात लावायचा नाही.

तर बिशप, म्हणजे क्लिनिकल केमिस्ट्री प्रिन्सिपल्स, टेक्निक्स, कोरिलेशन्स, हे विद्यार्थ्यांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगलं. इंग्रजी सोपी हाय, प्रत्येक धड्यात केस स्टडी आन् शेवटी प्रश्न हायेत, मराठी मिडियमच्या पोराला डिक्शनरी घेऊन महिन्याभरात हात बसतो. क्वालिटी कंट्रोलचा धडा तर दोनदा वाचा. कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट 1950 पासून हाय, तो वाचायचे वेस्टगार्डचे मल्टिरूल 1981 चे, आन् अजून कित्येक लॅबमधे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लावतात पण चार्ट कोणी काढत नाही. एक कंट्रोल सरासरीपासून 3 एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) बाहेर गेला किंवा सलग दोन एकाच बाजूनं 2 एसडीच्या बाहेर गेले तर रिपोर्ट सोडायचा नाही, एवढं जरी मनात बसलं तरी पुस्तकाचे पैसे वसूल.

टिट्झचं क्लिनिकल केमिस्ट्रीचं मोठं पुस्तक मात्र विद्यार्थ्यानं घेऊ नये. लै जाड, लै महाग, आन् पहिल्या वर्षाला त्यातलं निम्मं कळत नाही. पण लॅबवाल्यांसाठी त्याला तोड नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडं सगळ्यांचं कॅल्शियम 12 च्या वर यायलं, कंट्रोलसुद्धा वर. किट बदललं, कॅलिब्रेशन केलं, बल्ब बदलला, तीन दिवस हैराण. शेवटी टिट्झ घेऊन बसलो आन् काचेच्या भांड्यांच्या दूषणावर आलो. टँकरचं पाणी पुरत नव्हतं म्हणून पोरगं टेस्ट ट्यूब बोअरच्या पाण्यानं धुवून तशाच वाळवत होतं, शेवटचा डिस्टिल्ड वॉटरचा हात बंद. आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड, पातेल्याला पांढरा थर बसतो, तोच ट्यूबला बसला. त्या दिवसापासून पाण्याचा धडा मी लॅबमधल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्यांना मोठं परवडत नाही त्यांनी टिट्झचंच फंडामेंटल्स घ्यावं, ते आटोपशीर हाय.

जुन्या पुस्तकांबद्दल सांगतो, कारण स्वस्त मिळतंय म्हणून पोरं घेऊन येतात. वार्लेचं प्रॅक्टिकल पुस्तक मला मनापासून आवडतं, रीएजंट स्वतः कसं बनवायचं ते त्यातून शिकलो, पण ग्लुकोजच्या जुन्या पद्धती वाचून आजच्या जीओडी-पीओडी किटचं (एन्झाइम वापरून ग्लुकोज मोजणाऱ्या) काम होत नाही. एन्झाइमच्या जुन्या रेंजही उचलू नका, पद्धत आन् तापमान बदललं की आकडा बदलतो. आन् ब्रिटिश पुस्तक असेल तर ग्लुकोज मिलिमोलमधे असतं, 18 नं गुणल्यावर आपला एमजी-डीएल येतो, 5.5 वाचून घाबरू नका.

घेताना भारतात छापलेली स्वस्त आवृत्ती हाय का ते आधी विचारा, आन् फोनवरच्या पीडीएफवर विसंबू नका, हातात ग्लोव्हज असताना स्क्रोल होत नाही. मोठं टिट्झ आम्ही तीन लॅबवाल्यांनी मिळून घेतलंय, चार-चार महिने एकेकाकडं असतं. सध्या माझ्याकडं हाय, बिशपही हाय. घ्यायच्या आधी चाळून बघायचं असेल तर दुपारी 2 नंतर या, सकाळी उपाशीपोटीच्या सॅम्पलची गर्दी असते.