आठ महिने, दीड हजार राउंड आणि सेफ्टीचा नवा खटका

एके (कलाश्निकोव्ह) धाटणीच्या रायफलीची सेफ्टी, म्हणजे चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली अडवणूक, हा उजव्या अंगाचा लांबलचक पत्र्याचा खटका. वर केला की चाप अडतो, शिवाय कॉकिंग हँडलची (बोल्ट मागे ओढायच्या दांड्याची) फट झाकली जाते आणि आत धूळ जात नाही. एका तुकड्यात दोन कामं. डोकं झकास, फक्त तर्जनीचा विचार राहून गेला. 1946च्या नमुन्यात सेफ्टी डाव्या बाजूला होती. ती उजवीकडे आली आणि आपल्या नशिबी मूठ सोडून हात वर न्यायचा आला. खाली येतानाचा 'खटॅक' तर कानावर मफ असले तरी ऐकू येतो.

माझी सेमी-ऑटो आहे, म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी, त्यामुळे खटक्याला वर आणि खाली अशा दोनच जागा. आठ महिन्यांपूर्वी त्यावर बाजारात मिळणारा बदली खटका बसवला. मूळच्यासारखाच, फक्त खालच्या कडेला तर्जनीसाठी एक छोटासा कठडा बाहेर काढलेला. नव्या एके-12वर खुद्द कारखान्यानेच असा कठडा दिला आहे, तेव्हा ही काही हौशी लोकांची थेरं नव्हेत.

बसवणं सोपं. मॅगझिन काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने बघा, वरचं झाकण, स्प्रिंग आणि बोल्ट कॅरिअर (चेंबर बंद करणाऱ्या बोल्टला धरून मागेपुढे सरकणारा भाग) बाहेर, खटका सरळ उभा करा आणि हलवत हलवत बाजूला ओढा. नवा तसाच आत.

खरं काम त्यानंतर. खटक्याचा आतला आडवा भाग चापाच्या मागच्या शेपटीवर येऊन बसतो, म्हणून ती शेपटी वर उचलत नाही आणि चाप मागे येत नाही. ही सगळी मापं केसाएवढ्या फरकाची. मी आधी दुसऱ्याच एका बनावटीचा खटका आणला होता. रिकाम्या रायफलीचा घोडा (चाप ओढला की पडून बार उडवणारा आतला हातोडा) चढवला, सेफ्टी वर केली, चाप जोर लावून ओढला आणि टक्! घोडा पडला. पाठीतून थंडगार काहीतरी सरकलं. तो तसाच परत केला. आताचा खटका उलट बाजूने अडला, पूर्ण वर जाईच ना. म्हणजे पोलाद जास्त होतं, आणि जास्तीचं कमी करता येतं. पण इथे मी कानस हातात घेतली नाही, गनस्मिथकडे दिला. परत आल्यावर घोडा चढवून, सेफ्टी वर करून चाप दाबला, सोडला आणि मग चापाला बोट न लावता सेफ्टी खाली आणली. ही दुसरी पायरी बरेच जण विसरतात. त्या वेळीही घोडा जागचा हलता कामा नये.

पहिले दोन महिने मी वैतागलो होतो, हे कबूल करतो. कठड्याची कड इतकी धारदार की चाळीस-पन्नास वेळा वर-खाली केलं की तर्जनीच्या बाजूची साल निघायची. त्यात खटका कडक. त्याला वेगळी स्प्रिंग नसते, पत्र्याचा स्वतःचा ताणच त्याचा उंचवटा रिसीव्हरच्या (रायफलीच्या मुख्य सांगाड्याच्या) खळग्यात दाबून धरतो. शेवटी तो काढला, व्हाइसच्या जबड्यांना चामडं लावून किंचित बाहेर वाकवला, बसवून पाहिला, पुन्हा काढला. असं तीनदा. घाई केली असती तर सैल पडला असता, आणि कपड्याला घासून आपोआप खाली येणारी सेफ्टी काय कामाची? कड पॉलिश पेपरने गोल केली, वर काळा रंग मारला. रंग महिन्याभरात उडाला, उडू दे.

गंमत अशी की मी खटका घेतला तो सेफ्टी पटकन खाली यावी म्हणून, आणि उपयोग झाला तो वर करायला. पूर्वी गोळ्यांच्या दोन मालिकांच्या मध्ये मी आळस करायचो. बोट चापापासून लांब ठेवलंय ना, मग झालं. आता कठड्याखाली तर्जनी घालून उचललं की संपलं. मूठ सुटत नाही, नजर हलत नाही. गेल्या चार महिन्यांत बार थांबला आणि सेफ्टी वर गेली नाही, असं मला आठवत नाही. जाड हातमोज्यातही जमतं.

खटक्याच्या वरच्या कडेला एक खाच आहे. हँडल मागे ओढून त्यात अडकवलं की बोल्ट उघडा राहतो आणि रेंजवर चेंबर रिकामं आहे हे दाखवायला बरं पडतं. शेवटच्या राउंडनंतर बोल्ट आपोआप थांबेल असं मात्र कुणी समजू नये, ते हातानेच करायचं. खाचेची कड आता चकाकायला लागली आहे.

खटका घासून रिसीव्हरवर पडणारा अर्धगोल ओरखडा? तो होताच, आता शेजारी दुसरा आलाय. लहान पंजाच्या माणसाला वरच्या जागेतला कठडा थोडा लांबच पडतो. बायकोला मूठ जराशी फिरवावी लागते. आणि माझा मेहुणा डावखुरा. त्याने दोन मिनिटं हाताळून रायफल मला परत दिली आणि म्हणाला, "दाजी, माझ्यासाठी काय बदललं?" काहीच नाही, त्याला अजूनही खटक्यासाठी उजवा हात पुढून काढून मागे आणावा लागतो.

जुना खटका तेल लावून डब्यात ठेवलाय. परत बसवायची वेळ अजून आलेली नाही.