ब्रेकआउटचा नियम: नुसता पाठ करावा की संदर्भासकट शिकावा?

रत्नागिरी-चिपळूणकडे ट्रेडिंग शिकायचं म्हटलं की दोन वाटा दिसतात. एक, दोन दिवसांच्या क्लासमधला तयार नियमांचा कागद. दुसरी, एकच नियम घेऊन तो कुठल्या बाजारासाठी बनला, हे समजून घेत तीन-चार महिने घालवणं. उदाहरणाला 20 दिवसांचा ब्रेकआउट घेऊ: 20 दिवसांचा उच्चांक मोडला की खरेदी, 10 दिवसांचा नीचांक मोडला की विक्री.

कागद एका संध्याकाळी समजतो आणि मनमानीला वाव ठेवत नाही. नवख्याला शिस्त लावायला तो चांगलाच. पण त्यावर न लिहिलेलं बरंच असतं.

हा नियम रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या अमेरिकन ट्रेडरांनी 1980 च्या दशकात आपल्या 'टर्टल' शिष्यांना शिकवला. हे शिष्य अमेरिकेतल्या वायदे बाजारात रोखे, चलनं, सोनं, कॉफी, साखर अशा अनेक ठिकाणी, तेजी-मंदी दोन्ही बाजूंनी सौदे करत. सौद्याचा आकार म्हणजे भांडवलाचा 1 टक्का भागिले 'एन'. एन म्हणजे रोजच्या चढउताराची 20 दिवसांची सरासरी. स्टॉप, म्हणजे तोट्यातला सौदा बंद करायचा आधीच ठरवलेला भाव, दोन एनवर. आता भांडवल 2 लाख, शेअर 500 रुपयांचा, एन 12 रुपये धरा. 2,000 भागिले 12 म्हणजे 166 शेअर, 83,000 रुपये. दोन सौद्यांतच 1,66,000 अडकले, आणि एक स्टॉप लागला की जवळजवळ 4,000 गेले. टर्टलना वायद्यात फक्त मार्जिन, म्हणजे सौद्याच्या रकमेचा थोडा हिस्सा, भरावं लागे. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर प्रत्यक्ष विकत घेताना, पूर्ण रक्कम मोजावी लागते. शिवाय कॅशमध्ये (वायदे सोडून साध्या शेअर बाजारात) शॉर्ट, म्हणजे नसलेला शेअर आधी विकून नंतर घ्यायचा सौदा, रात्रभर ठेवता येत नाही, म्हणजे मंदीची बाजू गळलीच.

संदर्भ माहीत असलेला माणूस आकार निम्मा करतो: 83 शेअर, 41,500 रुपये, स्टॉपला साधारण 2,000. चार सौदे बसतात. अशा पद्धतीत शंभरात 35 सौदे फायद्याचे धरले, तर शंभर सौद्यांत कधीतरी सलग आठ तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. 1 टक्का जोखमीला त्यात भांडवल पावणेआठ टक्के घटतं, 2 टक्क्यांना जवळपास 15. कागदवाले बहुतेक इथेच नियम सोडतात.

डेटाचंही तसंच. 1:1 बोनस (एका शेअरमागे एक शेअर फुकट) झाला की 500 चा शेअर 250 च्या आसपास येतो. जुने भाव समायोजित केलेले नसतील तर चार्टवर 10 दिवसांचा नीचांक मोडलेला दिसतो आणि नसती विक्री होते. लोअर सर्किट, म्हणजे दिवसातल्या घसरणीची ठरलेली मर्यादा, लागलं तर घेणाराच नसतो, तेव्हा स्टॉप नुसता लावलेला राहतो.

दुसऱ्या वाटेचा धोकाही खरा आहे: 'संदर्भ बदलला' म्हणत नकोसा वाटणारा प्रत्येक सौदा टाळायची सवय लागते. म्हणून अपवाद आधीच लिहून ठेवावेत. बाजार चालू असताना एकही वाढवू नये.

कोकणात आणखी दोन गोष्टी धराव्यात. पावसाळ्यात वीज आणि नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून 15 मिनिटांच्या नियमापेक्षा संध्याकाळी बघून ऑर्डर लावता येणारा दिवसाचा नियम बरा. आणि आंब्याचे पैसे उन्हाळ्यात आले तरी फवारणीचा खर्च पुढच्या मोसमात उभा असतो. ती रक्कम भांडवलात धरली तर आकाराचं सगळं गणित चुकतं.

रोज अर्धा तास देता येत असेल तर दुसरी वाट धरा. कागद आधीच घेतला असेल तर तो फेकू नका. वर सांगितलेलं एकेक त्याच्या पाठीमागे लिहा आणि पहिले शंभर सौदे जुन्या चार्टवर, पैसे न लावता करा.