वर्गणीवरच्या डॉक्टरीणबाई : अमेरिकेतला वर्षभराचा अनुभव

अमेरिकेत ‘डायरेक्ट प्रायमरी केअर’ नावाचा एक प्रकार आहे. डॉक्टरला दरमहा ठरावीक वर्गणी द्यायची, को-पे (दर भेटीला खिशातून द्यायची रक्कम) नाही, आणि डॉक्टर इन्शुरन्सला हातच लावत नाही. नॉर्थ कॅरोलिनात रॅलीजवळ आम्ही तो घेतला, त्याला आता वर्ष होत आलं. मोठ्या माणसाला 80 डॉलर, मुलाला 30. आम्ही पुढे चालू ठेवलंय, पण डोळे झाकून घ्या असं कुणालाच सांगणार नाही.

फरक जाणवतो तो वेळेत. नेहमीच्या क्लिनिकात एकेका डॉक्टरच्या नावावर दोन हजारांच्या आसपास पेशंट असतात, इथे पाच-सहाशे. इन्शुरन्स पैसे देतो भेटीगणिक, म्हणून तिकडे भेटी उरकायची घाई. इथे वर्गणी आधीच जमा झालेली असते, त्यामुळे फोनवर काम भागलं तर त्यांचंही भलंच. मुलाच्या हातावर पुरळ आलं, फोटो पाठवला, तासाभरात उत्तर आलं. बिलिंगला वेगळा माणूस नाही. बाई आणि एक नर्स, एवढाच कारभार.

भिंतीवर दरपत्रक लावलंय. एचबीए1सी ही मधुमेहाची टेस्ट 6 डॉलर, थायरॉइडची टेस्टही तेवढ्यातच. आधी याच टेस्टचं बिल महिन्याभराने पोस्टाने यायचं आणि आकडा बघून पोटात गोळा यायचा. या राज्यात डॉक्टरला फार्मसी बोर्डाकडे नोंदणी करून औषधं विकता येतात, म्हणून नेहमीच्या गोळ्याही त्यांच्याच कपाटातून जवळपास घाऊक भावात मिळतात. सगळ्या राज्यांत ही सोय नाही. टेक्ससमध्ये यावर बरीच बंधनं आहेत.

खरी परीक्षा झाली सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुनी दुखणी बहुधा धरत नाहीत, म्हणून त्यांनाही तेवढ्या महिन्यांपुरतं सदस्य केलं. बाईंनी त्यांची गोळ्यांची पिशवीच टेबलावर ओतायला लावली. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत ॲम्लोडिपिन हे बीपीचं एकच औषध निघालं, एकात नुसतं, दुसऱ्यात टेल्मिसार्टनसोबत. त्याने पाय सुजत होते, आणि सुजेसाठी तिसरी गोळी चालू होती! एक पाकीट बंद केलं, घरी बीपी लिहून ठेवायला सांगितलं, हळूहळू सूज उतरली. सासूबाईंचा शेरा मात्र असा : “एवढा वेळ बोलत बसली म्हणजे हिच्याकडे गर्दी नसणार. साधं इंजेक्शनसुद्धा दिलं नाही.” दारात चपलांचा ढीग बघून डॉक्टरची पारख करणारी आपली माणसं, त्यांचंही चुकतं कुठे? औषध लागू पडेल की नाही हे आधी कळत नाही, मग दुसऱ्यांनी टाकलेल्या विश्वासावरच आपण विश्वास टाकतो.

माझा विश्वास बसला तो पैशाचं गणित कळल्यावर. जास्त टेस्ट लिहून बाईंना काही सुटत नाही. उलटा धोका मात्र आहे. पेशंट वाढवून प्रत्येकाला थोडं कमी बघितलं तर त्यांची कमाई वाढेल. त्यावर मी लक्ष ठेवून असतो.

आता तोटे. हा इन्शुरन्स नाही. त्यामुळे ऑफिसचा मोठ्या डिडक्टिबलचा (इन्शुरन्स पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) प्लॅन ठेवावाच लागतो, म्हणजे दोन्हीकडे पैसे. पोटदुखीसाठी बाईंनी मला स्वतंत्र इमेजिंग सेंटरमध्ये पाठवलं. सोनोग्राफी रोखीत झाली, हॉस्पिटलने सांगितलेल्या रकमेपुढे ती किरकोळ होती. पण ते पैसे डिडक्टिबलमध्ये धरले नाहीत. पुढे पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मीटर शून्यापासून. बाई रजेवर गेल्या की दुसऱ्या डॉक्टरशी फक्त फोनवर बोलता येतं, हेही आहेच.

2026 च्या 1 जानेवारीपासून एक गोष्ट सुधारली. पूर्वी असं सदस्यत्व असलं की एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करमुक्त बचतीच्या खात्यात पैसे टाकण्याचा हक्क जाण्याची भीती असायची. आता एकट्याला महिना 150 आणि कुटुंबाला 300 डॉलरपर्यंतची वर्गणी चालते. मात्र त्या वर्गणीत औषधं धरलेली नसावीत, सही करण्याआधी कागदावर एवढं बघून घ्या.

यातून अमेरिकेची आरोग्यव्यवस्था सुधारेल, असं या डॉक्टर मंडळींना वाटतं. मला नाही वाटत. सिॲटलची क्लायन्स ही अशीच वर्गणीवर चालणारी कंपनी 2007 मध्ये सुरू झाली, जेफ बेझोस आणि मायकेल डेल यांचे पैसे लागले, तरी 2017 मध्ये बंद पडली. एकेकट्या डॉक्टरची छोटी क्लिनिकं चांगली चालतात, कारण ती छोटीच राहतात. आणि डॉक्टरने दोन हजारांतले सहाशे ठेवले तर बाकीचे जाणार कुठे? आमच्या बाईंची यादी भरली आहे. शेजारचं मराठी कुटुंब तीन महिने वाट बघतंय.