३९,२०० रुपये आणि माझे चौदा पोशाख

मार्च ते ऑगस्ट २०२५ या काळात मी एका निनावी गटाला तीन वेळा मिळून ३९,२०० रुपये दिले आणि स्वतः घडवलेले चौदा आभासी पोशाख गमावले. घरी अजून सगळे सांगण्याचा धीर झालेला नाही. परंतु त्याच गटाची आमंत्रणे आता माझ्या दोन विद्यार्थिनींना आली आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

सेकंड लाइफ हे आभासी जग २००३ पासून चालू आहे. तेथे अवतारांसाठी, म्हणजे वापरणाऱ्यांच्या पडद्यावरील प्रतिमांसाठी, कपडे करून विकणाऱ्यांना मिळणारे लिंडन डॉलर हे तिथले चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येते. मी वस्त्रकला शिकवते. सासरी आणि कामाच्या ठिकाणी चर्चा नको, म्हणून टोपणनावाने, एका सामाईक छापाखाली काम करणारा गट मला सोयीचा वाटला, आणि यात मूर्खपणा होता असे मला आजही वाटत नाही. अनेक प्रामाणिक गट असेच चालतात. त्यांनी माझी नऊवारी मनापासून वाखाणली. काष्टा दोन्ही पायांमधून जात असल्यामुळे रिगिंग करताना, म्हणजे कापड अवताराच्या आभासी हाडांना जोडताना, एका मांडीवरचे कापड चुकून दुसऱ्या मांडीच्या हाडाला जोडले गेले, तर अवतार चालू लागताच कापड विचित्र ताणले जाते. त्या एका पोशाखाला मला तीन आठवडे लागले. पदर आणि मुनिया काठ मी चौकटी मोजून रंगवले होते.

सामाईक निधी म्हणून १२,५०० रुपये आणि दुकानाच्या जागेचे भाडे म्हणून ८,००० रुपये मी दिले. पण खरा धोका पैशात नव्हता. “तुम्ही स्वतः अपलोड करू नका, मूळ फाइल आम्हाला पाठवा, म्हणजे तुमची ओळख गुप्त राहील,” असा निरोप आला, तेव्हाच मी थांबायला हवे होते. जो खातेदार अपलोड करतो, त्याचेच नाव त्या वस्तूवर निर्माता म्हणून कायमचे लागते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही मी ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवण्याच्या सॉफ्टवेअरच्या चौदा मूळ फाइली पाठवल्या. टोपणनावाचे दुसरे खाते काढून मला स्वतःच अपलोड करता आले असते. ओळख तेवढीच झाकली गेली असती. मूळ फाइल कोणालाही देऊ नका, कितीही गोड बोलले तरी.

ऑगस्टमध्ये हिशेबाच्या तक्त्यात माझ्या नावापुढे १,८४,००० लिंडन डॉलर दिसले आणि ते काढण्याआधी ‘कर’ म्हणून १८,७०० रुपये मागितले गेले. पुढे काय झाले असेल ते वाचणाऱ्यांना कळलेच असेल. त्या जगात एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे क्षणात जातात. मग माझा वाटा देण्यासाठी त्यांना माझ्याकडून यूपीआयने रक्कम कशाला हवी होती?

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, तासही दवडू नका. मी गटाच्या उत्तराची वाट पाहत चार दिवस घालवले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला. पोलीस ठाण्यात तर “खेळातल्या कपड्यांसाठी तक्रार?” असे विचारून मला दोन तास बाकावर बसवले, नंतर आरोपी कोठे आहे हे माहीत नसल्याने ही आमची हद्द नाही असे सांगितले, वास्तविक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तेथून सायबर कक्षात, तेथून पुन्हा ठाण्यात, अशा पाच फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत एका अधिकाऱ्याने विचारले, “कपड्यांवर नाव त्यांचे आहे, मग ते तुमचे कशावरून?” प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेल्या कराराशिवाय हक्क हस्तांतरित होत नाही, आणि मी कशावरही सही केलेली नाही, हे मी छापील कागदासह दाखवले, तो कागद त्यांनी न वाचताच परत केला. एका स्त्रीने सहा महिने रात्री जागून केलेले काम यांना काम वाटतच नाही, याचा संताप पैशांपेक्षा मोठा आहे.

सेकंड लाइफ चालवणारी कंपनी अमेरिकी असल्यामुळे तिला तिथल्या कायद्याखाली पोशाख काढून टाकण्याची नोटीस देता येते, पण तीत खरे नाव आणि संपर्काचा पत्ता लिहावा लागतो. ज्या ओळखीसाठी मी निनावी राहिले, तीच आता मला उघड करावी लागणार आहे. प्रत्येक टप्प्याची तारीख असलेल्या मूळ फाइली माझ्याकडे आहेत. तुम्हीही जपून ठेवा. ती नऊवारी काल रात्रीही ३९९ लिंडन डॉलरला विक्रीस होती आणि निर्माता म्हणून त्याच खात्याचे नाव होते. नोटीस लिहून झाली आहे. सही करण्यापूर्वी आज घरी सांगणार आहे.